ऑफसेट अडतीस

कोळकी, ता. फलटण
३ जानेवारी २०२५

संयोगिता,

तुला सूनबाई म्हणायचं का न्हाई ते तुझ्या वकिलाला इचारावं लागंल, म्हणून नुसतं नाव लिवतो. फोन तू बंद केलास. माझा, सासू लीलाबाईचा, नवरा ऋषिराजचा, सगळ्या घराचा नंबर अडवून ठेवलास. म्हणून हे पत्र तुझ्या कुपवाडच्या फॅक्टरीवर धाडतोय. सही करून घ्यावं लागंल असंच धाडलंय, मागनं मिळालं न्हाई म्हणू नगंस.

काम येवढंच. आपली किट कार अजून ठोकळ्यांवर उभी हाय. खोक्यांतनं नळ्या आल्या, फायबरचं अंग आलं, दोन वर्षं तू आन् मी शेडात बसून सांगाडा जोडला, आन् चाकं बसवायची येळ आली तवा तू निघून गेलीस. जाताना निळ्या पुठ्ठ्याची वही बी नेलीस. त्यात पुढच्या चाकाचा ऑफसेट लिवलेला हाय. मला तेवढा आकडा पायजे. रिम चौदा इंची, सहा इंच रुंद. हब जुन्या मारुतीचं, ते तुला ठाऊक हाय.

बाकी काय लिवू नगंस. तुझी खुशाली मी इचारत न्हाई. नातीची इचारायचा हक्क मला हाय, पर ती तुझ्या तोंडनं ऐकायची न्हाई.

आकाराम नाळे
हवालदार (निवृत्त), ई.एम.ई.

•

विश्रामबाग, सांगली
११ जानेवारी २०२५

श्री. आकाराम नाळे यांस,

पत्र सही करून घेतलं. यापुढे फॅक्टरीच्या पत्त्यावर पाठवू नका. तिथे मी रिम तपासणीला असते, माझ्या घरच्या भानगडी तिथल्या माणसांना कळायची गरज नाही. वर घरचा पत्ता दिला आहे. तो तुमच्या मुलाला आधीच माहीत आहे, कारण त्याची नोटीस इथेच आली.

वही माझी आहे. पुठ्ठा मी चढवला, आकडे मी काढले. तुम्ही "वही नेलीस" असं चोरीसारखं लिहिता, म्हणून सांगितलं.

तुम्हाला फक्त आकडा हवा. ऑफसेट काय ते तुम्हाला कळतं, तरी लिहिते, कारण उद्या "सांगितलं नाही" म्हणाल. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य, आणि हबवर, म्हणजे चाक आवळतात त्या गोल बैठकीवर, रिम जिथे टेकतो ती जागा, या दोन्हींतलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा मोठा असला की चाक आत जातं, आकडा लहान असला की बाहेर येतं. आत फार गेलं तर शॉकअपला घासतं. बाहेर फार आलं तर बेरिंगवर आणि स्टेरिंगवर ताण येतो. ज्या गाडीचे हब घेतले, तिच्या ऑफसेटच्या जवळ राहायचं. वहीत मी अडतीस लिहिला होता. पण तो कागदावरचा आहे. त्या वेळी स्प्रिंग बसलेल्या नव्हत्या. हबच्या तोंडापासून आतल्या शॉकअपपर्यंत खरोखर किती जागा उरते ते मोजून कळवा, मगच पक्का आकडा देईन. त्याआधी कुठलाही रिम विकत आणू नका.

मी हे तुमच्यासाठी करत नाही. दोन वर्षं मी त्या सांगाड्यावर घालवली आहेत. तो कुणाच्या अंगावर जायला नको, एवढंच.

संयोगिता

•

कोळकी
२० जानेवारी २०२५

संयोगिता,

मोजलं. गाडी जॅकवर घेतली, चाक सरळ ठेवलं, हबपासून शॉकअपपतोर एकशेबेचाळीस मिलिमीटर भरलं. तुझा अडतीस लावला तर चाक आत लपतंय आन् मडगार्ड बाहेर राहतंय, दोन बोटं. मी प्लायवूडची चकती लावून बगितलं. बाहेरनं गाडी बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी दिसती.

साताऱ्यात ऋषिराजनं एक सेट बगून ठेवलाय. सहा इंचीच, ऑफसेट पंधरा. चाक मडगार्डाच्या काठाला बरोबर येतंय. रुंद बसकी दिसंल गाडी, रोडवर चिटकून चालंल. मी बावीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्यात. लेह-मनालीच्या रस्त्यावर बर्फात हब खोललेत. तू डिप्लोमा केलास तवा मी पेन्शनीला आलोवतो. पंधरानं काय गाडी उलटत न्हाई.

आन् दुसरं. कोर्टानं मे म्हयन्यात आठ दिवस ईश्वरीला हितं धाडायची आर्डर दिलीया, ती तुला मिळाली असंलच. नऊ म्हयने झालं, पोरीचं तोंड बगितलं न्हाई. सात वर्साची पोर, तिला तू आजापासनं तोडलीस. ती येईल तवा तिला पयल्यांदा मी माझ्या शेजारी गाडीत बसवणार हाय. आरटीओचा कागद मिळायचा न्हाई, म्हणून डांबरीवर न्हाई काढणार, पर आपल्या उसाच्या कडंनं पाटापतोरचा रस्ता माझा हाय. तितं तुझी आर्डर चालत न्हाई.

आकाराम नाळे

•

सांगली
२ फेब्रुवारी २०२५

श्री. आकाराम नाळे यांस,

पंधरा लावू नका.

तुम्ही जॅकवर मोजलंत. गाडी जॅकवर असली की चाक खाली लोंबतं. ती मोजायची वेळच नव्हे. गाडी खड्ड्यात आपटली की चाक वर येतं, वरचं टोक आत झुकतं, त्यात स्टेरिंग वळवलेलं असलं की टायरची कड शॉकअपकडे जाते. जागा मोजायची ती तेव्हाची. स्प्रिंग काढून, चाक पूर्ण वर उचलून, स्टेरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून. तुम्ही हवालदार होता, मग हे माझ्याकडून ऐकायची वेळ का आली?

आता पंधराचं. अडतीस आणि पंधरात तेवीस मिलिमीटरचा फरक आहे. म्हणजे चाकाचा मध्य तेवीस मिलिमीटर बाहेर. स्टेरिंग ज्या खिळीभोवती फिरतं, तिच्यापासून चाक तेवढं लांब गेलं की प्रत्येक दगड, प्रत्येक खड्डा हातात येतो. एका चाकाला ब्रेक जास्त लागला की गाडी त्याच बाजूला ओढते. बेरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. मडगार्डाच्या काठाला बरोबर येतं म्हणून लावलेलं चाक शोभेचं असतं.

या गाडीत माझी मुलगी बसणार नाही. तुम्ही मोजमाप बरोबर घेईपर्यंत तर नाहीच. मी वकिलांना तसं सांगितलं आहे.

आणि तुम्ही "आजापासून तोडलीस" असं लिहिलंत, म्हणून आता मीही लिहिते. मागच्या वर्षी अठरा एप्रिलला दुपारी तुमचा मुलगा स्वयंपाकघरात मला मारत होता. कारण काय, तर मी वेल्डिंगचा चष्मा लावून शेडमध्ये बसते आणि त्याचे मित्र हसतात. एक थप्पड नव्हती ती. स्वयंपाकघरापासून शेड पंधरा पावलांवर आहे. तुम्ही शेडमध्ये होता. मी तुम्हाला "आबा" म्हणून दोनदा हाक मारली. आणि शेडमधला ग्राइंडर सुरू झाला.

त्याच दिवशी मी मुलीला घेऊन बाहेर पडले. तोडलं कुणी, ते तुम्हीच ठरवा.

संयोगिता

•

कोळकी
१४ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

मी काय ऐकलं न्हाई. ग्राइंडर चालू असला की शेजारी बाँब पडला तरी कळत न्हाई, हे तुला मायती हाय, तू सवता चालवलायस. नवरा-बायकोत भांडण झालं आसंल. कोणाच्या घरात व्हत न्हाई? त्येचा तू कोर्टात डोंगर केलास, आन् आता त्या डोंगरावर मला बी चढवायला निगालीस.

एक ध्यानात ठेव. तू शेडात येऊन बसायचीस तवा सगळ्या भावकीनं तोंडं वाकडी केली. सासरा सुनंला वेल्डिंग शिकवतोय म्हणून पाराव माझं नाव निघालं. मी कोणाचं ऐकलं न्हाई. मी गावाला सांगितलं, ह्या पोरीचा हात माझ्यापरीस सरळ चालतो. त्येची ही फेड केलीस.

चाकं आणलीत. पंधराचीच. तुझा अडतीस तुझ्या वहीत ठेव. मोजमाप कसं घ्यायचं ते मला तुझ्याकडनं शिकायचं न्हाई.

ह्या पत्राला उत्तर नगं.

आकाराम नाळे

•

कोळकी
२४ मार्च २०२५

संयोगिता

गाडी चालली. बेस चालली. काय झालं न्हाई.

एक उगंच इचारतो. पंधराच्या ऑफसेटनं, वर दहाचा स्पेसर असला, तर खड्ड्यात चाक पडल्यावर स्टेरिंग हातातनं हिसकून जातं का. चांदसाहेब लेथवाला इचारतोय. मी न्हाई.

आ. नाळे

•

सांगली
३० मार्च २०२५

श्री. आकाराम नाळे यांस,

चांदसाहेबांच्या नावामागे लपू नका. हब आणि रिमच्या मध्ये ती स्पेसरची चकती तुम्हीच घातली असणार. रिमची दांडी ब्रेकच्या कॅलिपरला घासत होती, म्हणून चाक आणखी दहा मिलिमीटर बाहेर ढकललं. म्हणजे आता तुमचा ऑफसेट पाच झाला. आणि स्टड, म्हणजे हबवरचे बोल्ट, जुन्याच लांबीचे असतील, तर नट किती आट्यांवर बसलेत ते देव जाणे. होय, हिसकून जातं. हेच मी दोन फेब्रुवारीला लिहिलं होतं. ते पत्र पुन्हा वाचा.

तुमचं हे पत्र मात्र वाचायलाच कठीण गेलं. दोन अक्षरांत चार बोटांचं अंतर, ओळी कुठल्या कुठे. तुमचं अक्षर मी ओळखते, जॉबकार्डावर तुम्ही छापल्यासारखं लिहायचा. दुपारीच घेऊन बसला होता काय? असल्या अवस्थेत तुम्ही माझ्या मुलीला शेजारी बसवून पाटाच्या कडेनं गाडी चालवणार होता?

मे महिन्याची भेट रद्द करावी म्हणून मी अर्ज करते आहे. तुमचं पत्र त्याला जोडलं जाईल.

संयोगिता

•

फलटण
६ एप्रिल २०२५

संयोगिता बेटी,

मी चांदसाहेब, लेथवाला. तू दोन-तीनदा आकारामसंगं माझ्या दुकानात आली होतीस, हबचे बुश करून घ्यायला. पत्ता त्याच्या खिशातल्या पाकिटावरून घेतला. त्याला सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

तुझं पत्र त्यानं माझ्याकडून वाचून घेतलं, कारण चष्मा त्या दिवशी फुटला तो अजून केलेला नाही. दारूचं वाचलं तेव्हा मला राहवलं नाही. बेटी, त्यानं ते पत्र डाव्या हातानं लिहिलं. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

सतरा मार्चला सकाळी गाडी बाहेर काढली. मी शेजारी बसलो होतो. उसाच्या कडेनं दोनशे पावलं चांगली गेली. मग ट्रॅक्टरनं पाडलेल्या चरात डावं चाक पडलं आणि स्टेरिंग असं फिरलं, असं फिरलं, की मला काही दिसलंच नाही. त्याचा अंगठा स्टेरिंगच्या आत होता. अंगठा मोडला, मनगटाचं हाड दोन ठिकाणी गेलं. गाडी उसात घुसली म्हणून थांबली, नाहीतर पुढे पाट होता. मला खरचटलं फक्त. दवाखान्यात जाताना तो एकच सारखं म्हणत होता, बावीस वर्षं पोरांना शिकवलं, अंगठा आत घालू नका, आणि मीच घातला.

मी त्याला म्हणालो, हाताचं सोड, मी बसलो होतो त्या जागेवर कोण बसणार होतं ते बघ.

स्पेसर मीच करून दिला. लांब स्टडशिवाय देऊ नये हे मला कळत होतं. दोस्ताला नाही म्हणवलं नाही. माझाही गुन्हा आहे.

आणखी एक. ऋषिराज म्हणाला, चाकं बदलायची काय गरज, सावकाश चालवू, पोरगी आल्यावर फोटो काढू, कोर्टात दाखवायला बरे. आकारामनं एका हातानं चारी चाकं काढली, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे आणून दिली. ती माझ्या गल्ल्यात आहे.

तू त्याला माफ कर असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. पण पिऊन लिहिलं, हे खरं नाही, तेवढं तुला कळावं.

चांदसाहेब

•

सांगली
१२ एप्रिल २०२५

श्री. आकाराम नाळे यांस,

तुमच्या हाताचं मला कळलं. कुणाकडून ते विचारू नका. अक्षराबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं, ते मागे घेते. बाकीचं एक अक्षरही मागे घेत नाही. अर्ज दाखल झाला आहे, आठ मेला तारीख आहे.

तुम्ही "काय झालं न्हाई" असं लिहिलंत. हाड दोन ठिकाणी मोडलेलं असताना. तुमच्या घरात काहीही झालं तरी "काय झालं न्हाई" हेच उत्तर असतं. मी आठ वर्षं ते ऐकलं.

मोजमाप आता तरी नीट घ्या. तुम्ही हात लावू नका, चांदसाहेबांना करू द्या. पुढची स्प्रिंग काढायची. शॉकअप मोकळा बसवायचा. चाकाच्या जागी प्लायवूडची चकती, टायरएवढ्या व्यासाची, हबला लांब बोल्टनं अशी धरायची की आत-बाहेर सरकवता येईल. मग खालून जॅक लावून हब पूर्ण वर उचलायचा, रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत. स्टेरिंग डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. प्रत्येक वेळी चकती आत सरकवत न्यायची आणि कुठे टेकते ते मोजायचं. दोन्ही चाकांना. सगळ्यांत कमी येईल तो आकडा कळवा. सोयीचा नको, कमीतला कमी.

आणि प्रश्न एकच आहे. फेब्रुवारीच्या पत्रातही तोच होता, तुम्ही उत्तर दिलं नाही, भांडण दिलंत. तुम्ही ऐकलं की नाही?

संयोगिता

•

कोळकी
२५ एप्रिल २०२५

संयोगिता,

डाव्या हातानं लिवतोय. चार दिवस लागलं. वाचता आलं न्हाई तर परत धाड, परत लिवीन.

चांदसाहेबानं मोजलं, मी शेजारी स्टुलावर बसून बगितलं. डाव्या चाकाला, सगळं वर उचलून आन् उजवीकडं पूर्ण वळवून, एकशेसत्तावीस. उजव्या चाकाला एकशेएकोणतीस. म्हंजी कमीतला कमी एकशेसत्तावीस. जॅकवर मला एकशेबेचाळीस दिसलंवतं. पंधरा मिलिमीटर मी हवेत मोजलं.

आता दुसरं.

त्या दिवशी मी टेबलावर मागच्या दाराची पट्टी लावून बसलोवतो. ग्राइंडर बंद व्हता. पयलं भांडं पडल्याचा आवाज आला. मग त्येचा आवाज. मग तुझा न्हाई, हाताचा. तो आवाज वळखू येतो, बराकीत पोरं मारामारी करायची तवा ऐकलाय. मी उठलो. दारापतोर आलो. तितनं स्वयंपाकघराची खिडकी दिसती. मला दिसलं बी.

तू लिवलंस, दोनदा हाक मारली. तीनदा मारलीस. पयली ऐकली तवा मी दारात व्हतो. दुसरी ऐकली तवा मी टेबलाकडं परत वळलो. मग बटण दाबलं. तिसरी मी ऐकली न्हाई, पर खिडकीतनं तुझं तोंड उघडलेलं दिसलं. पट्टीवर घासायला काय नव्हतं. नुसताच फिरवत बसलो, किती येळ ते म्हायती न्हाई.

का केलं ते मी लय दिवस सवताला सांगतोय. कवा म्हणतो, मदी पडलो तर त्येचा राग वाढंल. कवा म्हणतो, नवरा-बायकोचं हाय. खरं ते येवढंच, की पोरगा माझा हाय आन् त्येला आडवायला गेलो असतो तर त्यो असा हाय हे मला मान्य करावं लागलं असतं. ते करायचं धाडस मला झालं न्हाई. फौजेत बंदुकीपुढं उभा राहिलोय, पर पंधरा पावलं चालवली न्हाईत.

तू मागितलंस म्हणून लिवलं. माफीबिफी मागत न्हाई. मागून मिळणारी न्हवं, एवढं कळतंय.

हे लीलाबाईला म्हायती न्हाई.

आकाराम

•

सांगली
३ मे २०२५

श्री. आकाराम नाळे यांस,

वाचता आलं. परत लिहायची गरज नाही.

आधी चाकाचं. एकशेसत्तावीसमधून टायरच्या फुगवट्याला सहा सोडायचे. उरले एकशेएकवीस. तुमचा रिम सहा इंच रुंद, म्हणजे कडा धरून एका बाजूला एकोणनव्वद. त्यात ऑफसेट फार तर बत्तीस बसतो. तो हबला आणि स्टेरिंगला बरोबर नाही. म्हणून सहा इंची रिमच नको. साडेपाच इंची घ्या. त्याची एक बाजू त्र्याऐंशी भरते. त्र्याऐंशी आणि अडतीस, एकशेएकवीस. बरोबर बसतं. चाक मडगार्डाच्या आत राहील, रुंद दिसणार नाही. दिसू नये. स्पेसर फेकून द्या. स्टड तपासून घ्या, ज्याचे आटे ओढले गेले असतील तो नवा घाला. डावीकडच्या बेरिंगला मार बसला असणार, तेही बदला.

आता दुसरं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, फाडून टाकावं. वर्षभर मी स्वतःला सांगत होते, की कदाचित खरंच ऐकू गेलं नसेल. मला तुमचा राग यायचा, पण त्या रागात एवढी फट होती. ती तुम्ही बुजवलीत. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला बरं वाटावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर तसं झालेलं नाही. ज्या माणसानं मला वेल्डिंग शिकवलं, त्यानं खिडकीतून पाहिलं. हे आता मला जन्मभर माहीत असणार.

वकील म्हणाल्या, हे पत्र कोर्टात द्या, केस तिथेच संपते. मी देणार नाही. तुम्ही डाव्या हातानं चार दिवस बसून लिहिलंत, ते मला लिहिलंत. तुमच्या मुलाविरुद्ध तुमचा कागद पाठीमागून सरकवणं मला जमत नाही. आठ तारखेला साडेदहाला पुकारा आहे. बोलायचं असेल तर तुम्हाला तोंड आहे. नसेल, तर मी माझ्या पायावर ही केस लढेन, आजवर लढलेच आहे.

संयोगिता

•

कोळकी
२० मे २०२५

संयोगिता,

कोर्टात तू व्हतीस, तवा तितलं लिवत न्हाई. मागचं लिवतो.

जाताना मी न् ऋषिराज एकाच एसटीनं आलोवतो. त्येला वाटलं, मी त्येच्या बाजूनं बोलायला आलोय. इस्लामपुराला त्येनं मला चहा पाजला. मी प्यालो. तितंच सांगायला पायजे व्हतं, पर चहाचा गलास हातात असताना सांगवलं न्हाई. म्हणून त्येला बी कोर्टातच कळलं. त्येच्या वकिलानं इचारलं, मशीन चालू असताना म्हाताऱ्याला ऐकू कसं आलं, तवा मी म्हणालो, ऐकू आलं म्हणून तर मशीन चालू केलं. त्या येळी त्येनं माझ्याकडं बगितलं. तसं त्येनं ल्हानपनी बी कवा बगितलं नव्हतं.

परत येताना मी एकटाच आलो. दुसऱ्या दिवशी त्यो कपडं भरून फलटणला खोली घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आबा, तुमी बापाचं नातं वकिलापुढं मोडलं." मी म्हणालो, "व्हय रं, उशिरा मोडलं." त्येला कळलं न्हाई. लीलाबाई ताट वाढती, पाणी देती, पर बोलत न्हाई. परवा मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून शेडाकडं लय येळ बगत व्हती. मग मला म्हणाली, "हितनं इतकं जवळ हाय व्हय." येवढंच. त्येच्यानंतर ती दोन दिवस जेवली न्हाई.

चाकं तू सांगितली तशी आणली. साडेपाच इंची, अडतीस. चांदसाहेबानं बेरिंग बदललं, तीन स्टड नवं घातलं. मी चालवली न्हाई, हात अजून वळत न्हाई. त्येनं चालवली, त्याच चरातनं नेली, मुद्दाम. स्टेरिंग हललं बी न्हाई. मी बांधावर उभा व्हतो. चाक आत दिसतंय, मडगार्ड बाहेर. दिसू दे.

मे म्हयन्याची भेट कोर्टानं थांबीवली, ते बराबर झालं. मी पोरीला मागत न्हाई. गाडीत बसवायचं तर नावच काढत न्हाई. तुला पत्र लिवायचं कारण आता उरलं न्हाई, म्हणून हे शेवटचं. तुझा आकडा बरोबर व्हता येवढं लेखी असावं, म्हणून लिवलं.

आकाराम

•

सांगली
३० जून २०२५

श्री. आकाराम नाळे यांस,

कोर्टाचा हुकूम पंधरा दिवसांपूर्वी मिळाला. ईश्वरी माझ्याकडे राहील. तिच्या वडिलांना महिन्यातून एकदा, सांगलीतच, समुपदेशकाच्या समोर भेटता येईल. हुकुमात आजी-आजोबांचा उल्लेख नव्हता. कुणी मागितलाच नव्हता. मी वकिलांना सांगून अर्ज दिला आणि तो जोडून घेतला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, अकरा ते चार, माझ्या घरी.

हे मी तुमच्यासाठी केलं असं समजू नका. ईश्वरी विचारते. मी तिला खोटं सांगत नाही, आणि खरं सगळं सांगण्याएवढी ती मोठी नाही. तुम्ही तिच्यासमोर बसलात, तर मधला काही भाग मला सांगावा लागणार नाही.

काही गोष्टी आधीच लिहिते. एसटीनं या, गाडी आणू नका, कुठलीही. लीलाबाईंना यायचं असेल तर येऊ देत, पण माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलायचं असेल तर आधी लिहून कळवावं. ऋषिराजचा निरोप आणू नये. आई काय म्हणते, आई कुठे जाते, असं मुलीला विचारू नये. मी घरातच असेन, बहुधा आतल्या खोलीत. तुमच्याशी गप्पा मारीन असं धरून चालू नका. मला ते जमेल की नाही ठाऊक नाही, आणि जमलं नाही तर त्याचं वाईट वाटून घ्यायची तुम्हाला मुभा नाही. जेवण असेल. ईश्वरीला सध्या भागाकार शिकवतात आणि तो तिला येत नाही. माझा धीर सुटतो. तुम्ही शिकवा.

दारावर कडी आहे, आणि बेलसुद्धा आहे. मी आत असले आणि ऐकू आलं नाही, तर पुन्हा वाजवा. मी दार उघडीन.

जुलैचा दुसरा शनिवार बारा तारखेला येतो. अकरा म्हणजे अकरा.

संयोगिता